छापलेलं चित्र ‘अस्सल’ कसं? एडवर्ड मुंकचे दगड, फळ्या आणि धातूचे पत्रे

जुलै २०१०मध्ये लंडनला बॉनहॅम्सच्या लिलावात ‘मॅडोना’ या चित्राची एक प्रत साडेबारा लाख पौंडांना गेली. प्रत म्हणजे कागदावर छापलेलं चित्र. मग २ मे २०१२ला न्यूयॉर्कमध्ये सदबीजने त्याच चित्रकाराची ‘किंकाळी’ (‘द स्क्रीम’) जवळपास १२ कोटी डॉलरना विकली. त्या बातमीत एक वाक्य हमखास असायचं: ‘या चित्राच्या चार आवृत्त्या आहेत.’ चार? मग खरी कोणती? आणि छापलेल्या कागदाला कोणी एवढे पैसे का मोजावेत?

नॉर्वेच्या एडवर्ड मुंकबद्दल हा गोंधळ कायम होतो, कारण तो रंगचित्रकार म्हणून आपल्याला माहीत आहे. पण त्याच्या कामाचा मोठा भाग छापखान्यात घडलेला आहे. तो कसा घडला हे कळलं की चार ‘किंकाळ्यां’चं कोडंही सुटतं.

आधी मोजणी

‘किंकाळी’ची पहिली दोन रूपं १८९३ची, दोन्ही पुठ्ठ्यावर. त्यातलं टेंपेरा (चिकट द्रवात कालवलेले रंग) आणि खडूंमध्ये केलेलं ओस्लोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, नुसत्या खडूंचं मुंक संग्रहालयात. १८९५चं पेस्टल तेच, जे २०१२मध्ये विकलं गेलं. चौथं टेंपेरामधलं, १९१०च्या सुमाराचं, तेही मुंक संग्रहालयात. हे झाले हाताने रंगवलेले चार. या चारांत न धरलेलं पाचवं रूप म्हणजे १८९५ची काळी-पांढरी शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेलं चित्र, आणि तिच्या एकाहून जास्त प्रती आहेत. डिसेंबर १८९५मध्ये पॅरिसच्या ‘रेव्ह्यू ब्लांश’ या मासिकात ती आली. रंगीत चित्र पाहायला ओस्लो किंवा बर्लिन गाठावं लागायचं. मासिक टपालाने घरी यायचं. ‘किंकाळी’ युरोपभर पोचली ती अशी, काळ्या शाईतून.

माणूस थोडक्यात

जन्म १२ डिसेंबर १८६३, लोटेन इथला. बालपण क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ओस्लोत. वडील लष्करात डॉक्टर, पण घरातलं दुखणं त्यांनाही थोपवता आलं नाही. १८६८मध्ये आई क्षयाने गेली, १८७७मध्ये त्याच आजाराने थोरली बहीण सोफी, पंधराव्या वर्षी. मावशी कारेनने मुलांना वाढवलं. एडवर्ड स्वतःही सतत आजारी. तंत्रशिक्षणाच्या शाळेत एक वर्ष काढून त्याने चित्रकला धरली.

सोफीच्या आजारपणावरचं ‘आजारी मूल’ त्याने १८८५-८६मध्ये रंगवलं. रंग थापायचा, खरवडायचा, परत थापायचा. प्रदर्शनात लोक हसले, टीकाकारांना ते अर्धवट वाटलं. सरकारी शिष्यवृत्तीवर १८८९ला तो पॅरिसला गेला आणि तिथे असतानाच वडील वारल्याची बातमी आली.

५ नोव्हेंबर १८९२ला बर्लिनच्या कलाकार संघटनेने त्याची ५५ चित्रं मांडली. ती पाहून जुने सभासद इतके खवळले की मतदान घेऊन आठवड्याभरात प्रदर्शन बंद पाडलं. मुंकला याचा फायदाच झाला. प्रदर्शन दुसऱ्या शहरांत नेलं, तिकीट लावलं, आणि माणसं पैसे देऊन बघायला आली. मात्र तिकिटाने गल्ला भरला तरी चित्रं विकली जात नव्हती. शिवाय स्वतःच्या चित्रांना तो आपली मुलं समजायचा. एखादं विकलं तर तेच पुन्हा रंगवून जागा भरून काढायचा.

चित्र हातचं जाऊ नये आणि पैसाही यावा, यावर १८९४च्या शरदात बर्लिनमध्ये त्याला उपाय सापडला: छापकाम. मोठी चित्रं घेणारे थोडे, कागदावरची छाप घेणारे त्याहून पुष्कळ. पुढच्याच वर्षी कलासमीक्षक मायर-ग्रेफे याने त्याच्या आठ छापांचा संच प्रसिद्ध केला. सुरुवात पोटासाठी होती, हे नाकारायचं कारण नाही.

छापायच्या तीन तऱ्हा

पुढचं समजायला तीन पद्धती माहीत हव्यात. शाई कुठे थांबते, एवढाच तिघींतला फरक.

पहिली कोरीव पत्र्याची, ड्रायपॉइंट. घरातल्या जुन्या पितळी तांब्यावर ठोकलेलं नाव आठवा. वरून कितीही पुसलं तरी अक्षरांच्या खाचेत काळं राहतंच. इथे तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर पोलादी सुईने ओरखडायचं, शाई चोळायची, वरची पुसून टाकायची, ओलसर कागद ठेवून दोन रुळांमधून जोराने काढायचं. कागद खाचेत शिरून शाई उचलतो. सुई ओढताना रेघेच्या कडेला धातूची बारीक कुस उभी राहते. तीही शाई धरते, म्हणून रेघ मखमलीसारखी दिसते. अडचण अशी की दर छापेगणिक ही कुस चेपत जाते. काही डझन प्रतींनंतर रेघ कोरडी पडते. जास्त प्रती हव्या असतील तर पत्र्यावर विजेच्या साहाय्याने लोखंडाचा पातळ थर चढवतात. म्हणून ड्रायपॉइंटची सुरुवातीची प्रत आणि शेवटची प्रत यांच्या किमतीत फरक पडतो.

दुसरी दगडाची, शिळाछाप. शाळेच्या पाटीला तेलकट बोट लागलं की त्या जागी पाणी ठरत नाही, थेंब होऊन पळतं. सगळी पद्धत या वैरावर उभी आहे. बव्हेरियातल्या झोल्नहोफेनचा बारीक कणांचा चुनखडक घ्यायचा, वाळूने घासून सपाट करायचा आणि त्यावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचं. मग नायट्रिक आम्लाचे थोडे थेंब घातलेलं डिंकाचं पाणी फिरवायचं, त्याने मोकळी जागा पाणी धरू लागते. स्पंजने दगड ओला केला की कोऱ्या जागी पाणी, चित्राच्या जागी तेल. तेलकट शाईचा रूळ फिरवला की शाई फक्त चित्राला लागते. साठ सेंटिमीटर लांब, पंचेचाळीस रुंद आणि आठ जाड अशा दगडाचं वजन पन्नास किलोच्या वर भरतं, त्यामुळे चित्रकार एकटा हे करत नाही, सोबत छापणारा कारागीर लागतोच. काय बिघडतं? छापताना दगड सुकला की कोऱ्या भागावर शाई चढते आणि सगळं मळतं. आम्ल जास्त झालं की खडूच्या फिक्या छटा उडतात. दगड खालून सपाट नसेल तर दाबाखाली मधोमध तडकतो.

तिसरी फळीची, वुडकट. कापडावर ठसे उमटवणाऱ्यांचं काम पाहिलं असेल तर वेगळं काही सांगायला नको. नको तो भाग खोदून काढायचा, उंच राहिलेल्या भागाला शाई लावायची.

या तिन्हींत चित्र उलटं उमटतं, आरशातल्यासारखं. ‘किंकाळी’च्या शिळाछापेत कठडा आणि माणूस रंगचित्रातल्याच बाजूला आहेत. म्हणजे मुंकने दगडावर ते मुद्दाम उलटं काढलं. जिथे उलटं व्हायला नको तिथे तो पुष्कळदा एका खास लेपाच्या कागदावर चित्र काढून ते दगडावर उतरवून घ्यायचा. दोनदा उलटलं की सुलटं.

‘पण छाप म्हणजे नक्कलच ना?’

इथे एक गोष्ट आपल्या घरातली. मुंक पत्र्यावर सुई चालवू लागला त्याच १८९४ साली राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत सुरू झाला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथेही दगडच होते. पण तिथे रविवर्म्याचं तैलचित्र समोर ठेवून कारागीर एकेका रंगासाठी एकेका दगडावर ते उतरवून घेत. आधी पूर्ण झालेलं चित्र, मग त्याची छपाई. घरोघरच्या लक्ष्मी-सरस्वती त्यातूनच आल्या. त्या छापांचा हेतूच मूळ चित्रासारखं दिसण्याचा होता.

मुंकच्या बाबतीत दगडावर हात चालवणारा चित्रकार स्वतः आहे. ‘किंकाळी’च्या शिळाछापेत आकाशाचा लाल रंग नाही. त्याजागी लांब, नागमोडी काळ्या रेघा आहेत, आणि पाण्यापासून आकाशापर्यंत एकच थरथर जाते. खाली जर्मनमध्ये ओळ आहे: ‘निसर्गातून जाणारी प्रचंड किंकाळी मला जाणवली.’ रंगचित्राची नक्कल करायची असती तर रंग गाळून कोणी सुरुवात केली नसती. तीच कल्पना वेगळ्या साधनात पुन्हा घडवली आहे. एकच बंदिश दोन रागांत बांधण्याइतका हा फरक आहे, असं माझं मत.

म्हणून छापचित्राच्या जगात ‘अस्सल’चा अर्थ असा लावतात: ज्या पत्र्यावर, दगडावर, फळीवर चित्रकाराने स्वतः काम केलं, त्यावरून त्याच्या हयातीत आणि संमतीने काढलेली प्रत. अशा पन्नास असल्या तरी पन्नासही अस्सल. चित्रकार गेल्यानंतर त्याच दगडावरून काढली तर ती मरणोत्तर प्रत, आणि तिचा भाव खूप खाली.

पॅरिस, १८९६

मुंकचं छापकाम पिकलं ते इथे. ऑग्यूस्त क्लो हा रंगीत शिळाछापेतला उस्ताद, मोठमोठे चित्रकार त्याच्याकडे येत. मुंकने ‘आजारी मूल’ पुन्हा हातात घेतलं. या वेळी खोली, खुर्ची, मावशी सगळं गाळलं. उरला फक्त उशीवरचा मुलीचा चेहरा, बाजूने दिसणारा. वेगवेगळे दगड, वेगवेगळे रंग.

पाउल हेरमान या चित्रकाराने क्लोच्या छापखान्यातला प्रसंग सांगितला आहे. दगड ओळीने मांडलेले. मुंक समोर उभा, डोळे घट्ट मिटलेले, हवेत बोट फिरवत म्हणतो: करडा, हिरवा, निळा, तपकिरी. मग डोळे उघडून म्हणतो, चला, घोटभर श्नाप्स घेऊ. परत आल्यावर पुन्हा डोळे मिटून दुसरे रंग. यामुळेच ‘आजारी मूल’च्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर एक तापाने फणफणलेली लाल, दुसरी फिकट पिवळसर. दगड तेच, मूल वेगळं.

फळी कापली तर?

त्याच वर्षी तो लाकडाकडे वळला, आणि त्याचं सगळ्यात स्वतःचं असं काम इथलं आहे.

रंगीत वुडकटची रूढ जपानी रीत अशी: दर रंगाला एक फळी. चार रंग असतील तर कागद चार वेळा छापायचा, आणि दर वेळी तो केसभरही न हलता त्याच जागी बसला पाहिजे. हलला की लाल ओठ गालावर जातात. जपानी कारागीर त्यासाठी फळीच्या कोपऱ्यात खुणा कोरतात आणि त्या बसवायला वर्षं घालवतात.

मुंकने बारीक करवत घेतली आणि कोरलेली फळीच आकारांवरून कापली. लहान मुलांचा नकाशाचा लाकडी खेळ असतो, ज्यात जिल्हे सुटे निघतात, तसं. प्रत्येक तुकड्याला वेगळ्या रंगाची शाई लावायची, तुकडे परत जुळवायचे, आणि सगळे रंग एका दाबात छापायचे. कागद हलण्याचा प्रश्नच संपला. पुढच्या प्रतीला समुद्र निळा हवा की हिरवा, तेवढा एक तुकडा पुसून पुन्हा रंगवायचा.

याची किंमतही आहे. करवतीच्या पात्याने जेवढं लाकूड खाल्लं तेवढी फट राहते, आणि छापेत ती पांढरी रेघ म्हणून दिसते. एखाद्या कारागिराने ती दोष म्हणून भरून काढली असती. ‘दोन माणसं. एकाकी’ हे १८९९चं वुडकट पाहा. किनाऱ्यावर पाठमोरे उभे पुरुष आणि स्त्री. फळीचे तीन तुकडे: एक समुद्राचा, एक किनारा आणि त्याला जोडलेला पुरुष, तिसरी एकटी स्त्री. पुरुष जमिनीला धरून आहे, स्त्रीभोवती करवतीची पांढरी रेघ फिरली आहे. दोघांत हातभर अंतर, पण ती रेघ ते अंतर पक्कं करते. या विषयाचं १८९२चं मूळ रंगचित्र १९०१मध्ये जहाजावरच्या स्फोटात नष्ट झालं. फळी मात्र राहिली, आणि मुंक तिच्यावरून पुढेही छापत गेला.

‘चुंबन’च्या १९०२च्या वुडकटमध्ये तर लाकडाच्या रेषाच चित्र झाल्या आहेत. फळी झाडाच्या उभ्या दिशेने चिरलेली, तिच्यावर लाकडाचे मऊ-कठीण पट्टे. मऊ भाग थोडा दबला की कठीण रेषा वर राहतात आणि छापेत उमटतात. मागे फक्त या उभ्या लाटा, पुढे एकमेकांत विरघळलेल्या दोन माणसांचा एकच काळा आकार, चेहरेही वेगळे ओळखू येत नाहीत. बारीक खोदकामाला असली फळी वाईट, कारण छिन्नी रेषांच्या दिशेने घसरते आणि टवका उडतो. मुंकला बारीक खोदकाम नकोच होतं.

पुढे त्याने पद्धतींची सरमिसळही केली. ‘व्हँपायर’ची शिळाछाप १८९५ची, तिच्यात १९०२मध्ये कापलेल्या फळीचे रंग घातले. तपशील दगडाचे, रंग लाकडाचे.

‘मग प्रती मोजायच्या कशा?’

आज छापचित्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ७/५० असं लिहिलेलं असतं: पन्नासातली सातवी. मुंकच्या काळी ही सक्ती नव्हती आणि त्याने ती बहुधा पाळली नाही. दगड जपून ठेवायचा, दहा वर्षांनी पुन्हा काढायचा, वेगळा रंग, वेगळा कागद, कधी वरून ब्रशने हात. पेन्सिलीची सही बऱ्याच प्रतींवर आहे, सगळ्यांवर नाही. बर्लिनचा कारागीर फेल्सिंग तर समासात स्वतःचीही सही करायचा, आणि आज प्रत ओळखायला तिचा उपयोग होतो. या सगळ्या पसाऱ्याला शिस्त लावली हॅम्बुर्गच्या गुस्ताव शीफ्लर या न्यायाधीशाने. त्याने मुंकच्या छापांची पद्धतशीर यादी केली, पहिला खंड १९०७ला, दुसरा १९२८ला. छापांचे विषय सुमारे ७५० भरतात.

‘हे सगळं वेडाच्या भरातलं, असं म्हणतात’

म्हणतात खरं, आणि त्याला मुंकचाही हातभार आहे. १८९३च्या ‘किंकाळी’वर पेन्सिलीने बारीक अक्षरांत लिहिलंय: ‘हे फक्त वेड्यानेच रंगवलेलं असू शकतं.’ कुणा टवाळ प्रेक्षकाचं काम, असा समज बरीच वर्षं होता. २०२१मध्ये राष्ट्रीय संग्रहालयाने अवरक्त (इन्फ्रारेड) छायाचित्रं घेऊन ते अक्षर त्याच्या डायऱ्यांशी आणि पत्रांशी ताडलं. अक्षर मुंकचंच निघालं. त्याच्या मानसिक स्वास्थ्यावर १८९५मध्ये जाहीर चर्चा झाली होती, तिचा हा कडवट टोला असावा, असा तज्ज्ञांचा कयास आहे.

त्याला त्रास होता, यात शंका नाही. १९०२मध्ये प्रेयसी टुला लार्सनशी झालेल्या भांडणात बंदूक उडून डाव्या हाताचं बोट जायबंदी झालं, दारू वाढत गेली, आणि १९०८मध्ये तो कोपनहेगनला डॉक्टर याकोबसनच्या रुग्णालयात आठ महिने राहिला. पण तिथेही त्याने काय केलं? ‘अल्फा आणि ओमेगा’ ही शिळाछापांची मालिका. भावनेच्या भरात कुंचला फिरवता येईल. तीन तुकड्यांना तीन शाया लावून, फट धरून, उलटा विचार करून सुलटं छापणं भरात जमत नाही.

१९०९ला नॉर्वेला परतल्यावर आयुष्य थोडं थंडावलं. ओस्लो विद्यापीठाच्या सभागृहातली मोठी भित्तिचित्रं १९१६मध्ये लागली, त्याच वर्षी त्याने शहराबाहेर एकेली इथे जागा घेतली आणि शेवटपर्यंत तिथे राहिला. चित्रं उघड्यावर, पावसा-बर्फात ठेवून द्यायची त्याची सवय कुप्रसिद्ध आहे. १९३७मध्ये नाझींनी जर्मन संग्रहालयांतून त्याची ८२ कामं ‘भ्रष्ट कला’ म्हणून काढली. एप्रिल १९४०मध्ये जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केल्यावर थोड्याच दिवसांत त्याने मृत्युपत्र केलं आणि स्वतःजवळचं सगळं ओस्लो शहराला दिलं: हजारावर रंगचित्रं, पंधरा हजारांहून जास्त छापा, सुमारे साडेचार हजार रेखाटनं, शिवाय दगड, पत्रे आणि फळ्या. २३ जानेवारी १९४४ला तो गेला.

कागद टिकतो का?

टिकतो, पण अंधारात. छापांवर साधारण ५० लक्सच्या (लक्स हे उजेड मोजायचं एकक) वर उजेड पडू देत नाहीत, तो बैठकीच्या खोलीतल्या संध्याकाळच्या दिव्याहूनही मंद. ऑक्टोबर २०२१ला उघडलेल्या नव्या मुंक संग्रहालयात रंगचित्र, खडूचं चित्र आणि शिळाछाप अशा तीन ‘किंकाळ्या’ आहेत. एका वेळी एकच दाखवतात, बाकीच्या दोन दाराआड विश्रांती घेतात. लांबून जाणाऱ्याने आपल्याला हवी ती दिसेपर्यंत थांबायची तयारी ठेवावी. १९१०च्या रंगचित्राचं दुखणं वेगळं आहे. त्यातला कॅडमियम पिवळा फिका पडून पोपडे धरतो. २०२०च्या अभ्यासात कळलं की त्याला उजेडापेक्षा दमट हवा बाधते, आणि गर्दीच्या श्वासातही दमटपणा असतोच.

घरातला पोस्टर की छाप?

मुंकच्या मृत्यूला सत्तर वर्षं झाल्यावर, १ जानेवारी २०१५पासून युरोपात त्याची चित्रं स्वामित्वहक्कातून मोकळी झाली. त्यामुळे मगपासून उशीपर्यंत ‘किंकाळी’ सगळीकडे आहे, आणि जुन्या चौकटीतला कागद ‘दुर्मिळ शिळाछाप’ म्हणून विकणारेही. दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. कागद कडेने तिरपा धरून पाहा, चित्राभोवती आयताकार दाबाची खोल खूण असेल तर पत्र्याची छाप असू शकते. मागच्या बाजूला ठशाचा उठाव हाताला लागला तर फळीची. दगडाच्या छापेत खडूचे दाणे वेडेवाकडे, विखुरलेले दिसतात. आणि सारख्या अंतरावर, रांगेने मांडलेले निळे-लाल-पिवळे-काळे ठिपके दिसले, तर तो ऑफसेट यंत्रावर छापलेला पोस्टर. चौकटीचे पैसे द्या, चित्राचे नकोत.